‘ओरडला का नाही?’ हा प्रश्न मुलाला नाही

पत्र :

ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, सातवीत. आमच्या भिंतीला भिंत लागून चुलत सासऱ्यांचं घर. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत दीर, सत्तावीस वर्षांचा. मुलाला त्याचा भारी लळा. गेम खेळायला, गाडीवरून फिरायला, गच्चीवर झोपायला तो त्याच्याकडेच पळायचा. गेल्या महिन्यापासून पोरगा रात्री अंथरूण ओलं करायला लागला, शाळेत जाईना. एका रात्री रडत रडत त्यानं सगळं सांगितलं. ते लिहायला माझा हात धजत नाही. आठ महिने चालू होतं. मी नवऱ्याला सांगितलं. ते आधी तापले, मग म्हणाले, ‘कपड्यांवरूनच काही केलं असेल. आणि हा आपल्या पायानं जात होता ना? मग ओरडला का नाही?’ सासूबाई म्हणतात, वैशाखात त्याचं लग्न आहे, पत्रिका छापायला गेल्यात, आता बभ्रा नको. तो पाया पडून माफी मागेल. शिवाय मुलांसाठी असा कायदाच नसतो, तो मुलींसाठी असतो, असंही घरात म्हणतात. मोबाइलवर त्याचे काही मेसेज आहेत, बाकी पुरावा नाही. पोलिसात गेले तर माझ्याच पोराला नाही नाही ते विचारतील. मी काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई,

मुलानं सांगितलं आणि तुम्ही ते खरं मानलंत. हे मोठं काम तुमच्याकडून झालेलं आहे. माझ्या वकिलीच्या टेबलासमोर तिशी-चाळिशीतली माणसं येऊन बसतात, पुरुषसुद्धा, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खाली बघत म्हणतात, ‘तेव्हा आईला सांगितलं होतं, ती म्हणाली गप्प बस.’ तुमचा मुलगा उद्या असं म्हणणार नाही.

आता घरात जे जे म्हटलं जातंय ते एकेक घेऊ. सगळ्यात सोपं आधी. कायदा मुलांसाठीही आहे. ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम’ हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे नेमका बालदिनापासून, लागू आहे. पोलिस ठाण्यात आणि कोर्टात सगळे त्याला पॉक्सो म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यात पीडित म्हणून फक्त ‘मुलगी’ धरलेली नाही, ‘बालक’ धरलाय. आणि बालक म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली कुठलीही व्यक्ती. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी, ५३ टक्क्यांनी, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्या मुलांत मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच होते. तेव्हा ‘मुलाला काय होतंय’ हे वाक्य आपण आपल्या सोयीसाठी म्हणत आलोय.

(जाता जाता : जुन्या दंडसंहितेतलं ‘अनैसर्गिक संबंधां’बद्दलचं ३७७ कलम नव्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलं नाही. त्यामुळे सज्ञान पुरुषावर असा अत्याचार झाला तर त्यासाठी वेगळं कलम आज उरलेलं नाही. ही मोठी पोकळी आहे. पण अठराच्या आतल्या मुलाला पॉक्सोचं छत्र पूर्ण आहे, तिथं काही कमी झालेलं नाही.)

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. ‘आपल्या पायानं जात होता.’ हो, जात होता. त्याला आवडत होता ना तो काका! आधी लळा लावायचा, गाडीवर फिरवायचं, मोबाइल हातात द्यायचा, ‘आपलं गुपित’ म्हणायचं, आणि मग हळूहळू हद्द सरकवत न्यायची. बहुतेक प्रकरणं अशीच सुरू होतात. अनोळखी माणसानं अंधारात तोंड दाबलं, असं फार क्वचित असतं. मूल ज्याच्यावर जीव टाकतं त्याच्याविरुद्ध ओरडायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. त्यात शरीर कधी कधी स्पर्शाला आपोआप प्रतिसाद देतं, आणि मुलग्यांना वाटतं, म्हणजे माझीही चूक होती की काय. ही भीती त्यानं बोलून दाखवली नसली तरी त्याच्या मनात असू शकते. तुम्हीच एकदा सांगून टाका, की शरीराचं वागणं म्हणजे मनाचा होकार नव्हे.

कायद्यानं तर हा प्रश्न मुळातच निकालात काढलाय. मोठ्या माणसांच्या बाबतीत संमती होती की नव्हती हे कोर्ट तपासतं. बालकाच्या बाबतीत तपासतच नाही. तेरा वर्षांच्या मुलानं ‘हो’ म्हटलं काय आणि गप्प राहिला काय, कायद्याच्या लेखी दोन्हीचं वजन शून्य. यजमानांना एवढंच विचारा : उद्या आपल्या पोरानं शेताच्या खरेदीखतावर सही केली तर दुय्यम निबंधक ते नोंदवून घेईल का? गुंठाभर जमीन द्यायला ज्याचा होकार चालत नाही, त्याचं शरीर द्यायला तो चालतो, असं आपण कुठल्या तोंडानं म्हणतो?

‘ओरडला का नाही’ हा सवाल आपल्या महाराष्ट्रात फार जुना आहे, आणि त्यानं एका मुलीचं फार नुकसान केलेलं आहे. १९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. मुलीचं वय डॉक्टरांनी चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. का? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुकाट सोसणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा. त्या पत्रातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात आली : शब्दांनी, खुणांनी किंवा वागण्यातून, आपणहून दिलेला निःसंदिग्ध होकार म्हणजे संमती. आणि खाली स्पष्ट लिहिलंय, की शरीरानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तेच शब्द आज आहेत. हे झालं सज्ञान बाईसाठी. आज मथुरेचं वय अठराच्या आत ठरलं असतं, तर संमतीची चर्चा दारातच थांबली असती.

‘संमतिवय’, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देता येण्याचं वय, हा शब्दही आपल्याच आजोबा-पणजोबांच्या भांडणातून रुळलेला. १८६० च्या दंडसंहितेत ते दहा होतं. दहा! १८९१ मध्ये ते बारा करायचं ठरलं तेव्हा पुणं पेटलं होतं. टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. पुढे ते चौदा, सोळा असं चढत अठरावर आलं. ‘आपल्या घरातल्या गोष्टीत सरकारनं हात घालू नये’ हा युक्तिवाद तेव्हाही होता. सासूबाईंचं ‘बभ्रा नको’ त्याच कुळातलं.

‘कपड्यांवरूनच’ याचंही उत्तर देऊन ठेवते. नागपूरच्या एका प्रकरणात पेरू देतो म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घरात नेऊन कपड्यांवरून नको तिथं हात लावणाऱ्या माणसाला जिल्ह्याच्या विशेष न्यायालयानं पॉक्सोखाली शिक्षा दिली. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं म्हटलं, की त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही, म्हणून पॉक्सोचा ‘लैंगिक हल्ला’ होत नाही. देशभर ओरड झाली. देशाचे महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वात वरचे वकील, स्वतः अपिलात गेले. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि खालच्या कोर्टाची तीन वर्षांची शिक्षा परत कायम केली. महत्त्वाचा आहे तो हेतू; मधे कापड होतं की नव्हतं हे नाही.

तुमच्या प्रकरणात तर गुन्हा साधा राहतच नाही. नातेवाइकानं केलेला आणि एकापेक्षा जास्त वेळा केलेला, ही दोन्ही कारणं कायद्यात गुन्हा ‘गंभीर’ ठरवणारी आहेत. केवळ स्पर्शाचा प्रकार असेल तरी किमान पाच वर्षं. त्यापुढे गेला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस. नेमकं काय झालं ते मला कळवायची गरज नाही. ते अधिकाऱ्यासमोर, एकदाच, नीट यायला हवं. आणि मुलाकडून घरी पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. सांगून सांगून मूल थकतं, आणि पुढे बचावाचा वकील म्हणतो, आईनं पढवलंय.

हे वाचून तुमच्या घरी कोणी म्हणेल, हा कायदा पोरापोरींच्या प्रेमप्रकरणातही लागतो, वाटेल त्याला आत टाकतात. सतराची मुलगी आणि एकोणीसचा मुलगा पळून जातात, बाप पॉक्सो लावतो, हे खरंच घडतं, आणि तिथं कायदा फार आंधळा चालतो असं माझंही मत आहे. विधी आयोगानं २०२३ च्या अहवालात वय अठराच ठेवा म्हटलं, पण सोळा ते अठरामधल्या अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला थोडी मोकळीक द्या असं सुचवलं. वाद चालू राहील. तेरा आणि सत्तावीसमध्ये मात्र वाद नाही.

आता ती माफी. पाया पडून प्रकरण मिटत नाही, कायद्यानं मिटवताच येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलाचे आईवडील आणि आरोपी यांच्यातल्या समझोत्यावर पॉक्सोचा गुन्हा रद्द करता येत नाही. आणि एक गोष्ट कदाचित तुम्हाला माहीत नसेल, ऐकून धक्का बसेल : असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवायचं बंधन आहे. कलम १९. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे तुम्हाला लागू आहे, यजमानांना आहे, सासूबाईंनाही आहे. न सांगितल्याबद्दल फक्त मुलाला कधीच शिक्षा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवलं नाही, म्हणून त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला होता, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभा केला. सासूबाईंना घाबरवायला मी हे सांगत नाही. पण ‘सुनेनं घर फोडलं’ असं गावभर होणारच आहे, तेव्हा ‘कायद्यानंच मला बांधलंय’ हे वाक्य तुमच्या कामी येईल.

सगळ्यात आधी मुलाला त्या भिंतीपासून लांब न्या. मामाकडे, मावशीकडे, कुठंही. त्याला सांगून न्या, की ही शिक्षा नाही. दिराला काही बोलू नका, जाब विचारू नका. विचारलात तर संध्याकाळपर्यंत त्याच्या मोबाइलमधलं सगळं साफ होईल. तुमच्याकडचे मेसेज तसेच राहू द्या. मोबाइल बदलू नका, रीसेट करू नका. त्यात फोटो किंवा व्हिडिओ असतील तर ते कोणालाही पाठवू नका, बहिणीला नाही, वकिलालाही नाही. मुलाचं तसलं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फोन आहे तसा तपास अधिकाऱ्याच्या हाती द्या आणि पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते बघा.

पोलिसांची भीती मला समजते. पण कागदावर तरी व्यवस्था चांगली आहे, आणि कागदावर काय आहे ते माहीत असलेल्या आईशी ठाण्यातही जरा जपून बोलतात. मुलाला ठाण्यात न्यायची गरज नाही. त्याचा जबाब घरी किंवा तो म्हणेल त्या जागी घेता येतो. तुमचं घर भिंतीला भिंत लागून आहे, म्हणून माहेरची जागा सांगा. जबाब घेणारी शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाची नाही, गणवेशात नाही. मुलाच्या विश्वासातलं माणूस जवळ बसतं. जबाब त्याच्याच शब्दांत लिहायचा. त्यानं ‘तिकडे’ म्हटलं तर ‘तिकडे’. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. ठाणेदार ‘घरातलं आहे, विचार करा’ म्हणून टोलवायला लागला तर शांतपणे सांगा, की गुन्हा नोंदवून न घेणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. मग पोलिस अधीक्षकांकडे लेखी अर्ज. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समितीकडे मुलासाठी साहाय्यक व्यक्ती मागा. तपासापासून खटल्यापर्यंत तुमच्याबरोबर चालणारं ते माणूस असतं आणि त्याचा उपयोग वकिलापेक्षा जास्त होतो, हे मी वकील असून सांगते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आणि अत्याचार सोसलेल्यांना मदत देणाऱ्या शासनाच्या मनोधैर्य योजनेबद्दल तिथंच विचारा.

डॉक्टरकडे न्यायलाच हवं, पुराव्यापेक्षा त्याच्या तब्येतीसाठी. उपचार मोफत आहेत, तुम्ही किंवा विश्वासातलं कोणी आत थांबू शकता. इतक्या दिवसांनी अंगावर काही खूण सापडेलच असं नाही, आणि ती सापडली नाही म्हणून खटला पडत नाही. मुलाची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. मूळ घटना समोर आल्या, की आरोपीनं आपण निर्दोष आहोत हे दाखवायचं, अशी या कायद्याची ठेवण आहे. अंथरूण ओलं होतंय त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाला भेटा, तोवर चादर गुपचूप बदलत जा, चर्चा नको.

कोर्टात सुनावणी बंद दाराआड होते. मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावतात किंवा दुसऱ्या खोलीतून व्हिडिओवर साक्ष घेतात. वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, मुलाला विचारायचे न्यायाधीशांनी. हे सगळीकडे अक्षरशः पाळतात असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही मागितलंत तर नाकारणं अवघड जातं. मुलाचं नाव, शाळा, गाव छापायला बंदी आहे. (तुमच्या पत्रातले तपशीलही मी बदललेत, तुमच्या तालुक्यात कोणी ओळखणार नाही.) निकाल शक्यतो वर्षाच्या आत लागावा असं कायदा म्हणतो. तुम्ही मनाची तयारी जास्त दिवसांची ठेवा. घरातला खरा दबाव फिर्यादीच्या आठवड्यात येत नाही, साक्षीच्या आधीच्या महिन्यात येतो. तेव्हा कोणीतरी आजारी पडतं, कोणीतरी शेतीच्या वाटणीचं काढतं. आत्ताच माहीत असू द्या.

यजमानांबद्दल माझं मन तुमच्याइतकं कडू झालेलं नाही. ते आधी तापले, हे तुम्हीच लिहिलंय. ज्याच्याबरोबर लहानपणी विहिरीत उड्या मारल्या त्या भावाचं हे ऐकून माणूस आधार शोधतो, आणि ‘पोरगाच जात होता’ हा आधार फार जवळ पडतो. त्यांना हे पत्र वाचायला द्या. दोन दिवस द्या, त्याहून जास्त नको. आले बरोबर तर उत्तम, नाही आले तरी फिर्याद तुमच्या एकटीच्या सहीनं होते.

राहिलं लग्न. सासूबाई वैशाखापर्यंत थांबा म्हणतात. त्या मांडवात दुसऱ्या बाजूनं एक मुलगी उभी राहणार आहे, तिला यातलं काही माहीत नाही. आणि हळदीला वाड्यातली सगळी लहान पोरं गोळा होतील, रात्री जागा मिळेल तिथं गच्चीवर झोपतील. पत्रिका छापल्या गेल्या तर रद्दीत जातील, त्याचा खर्च फार नसतो.

१०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. पोलिसांकडे जाण्याआधी त्यांच्याशी बोलावंसं वाटलं तर जरूर बोला. फक्त घरातून करू नका, भिंत एकच आहे. शेतात जाऊन करा.